पदर कुठल्या खांद्यावर

"अगं माय, तू गुजराती कवा झालीस?"

चतुराबाईनं मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता आणि त्यात आपल्या सुनेचा व्हिडिओ बघत ती ओट्याजवळच्या खुर्चीत बसली होती. दीपमालाचे दोन्ही हात पिठात होते. तव्यावर भाकरी होती आणि कॉलेजला निघायची वेळ झाली होती.

"काय झालं आत्याबाई?"

"पदर बघ की तुझा. उजव्या खांद्यावर. आपल्यात असा घेत्यात व्हय?"

"मोबाइलमधी दिसत असंल तसं," दीपमाला मागं न बघताच म्हणाली.

"म्हंजी मोबाइल खोटं दावतो, अन् तू त्याच्यावरच पोरी शिकवतीस. लई भारी."

सासूच्या बोलण्यात टोमणा नाही असा दिवस उगवायचा होता. सुनेनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. चतुराबाई दोन दिवस पाहुणचार घेऊन बिडकीनला परत गेली. शहरात तिचा दमा वाढतो, असं तिचं म्हणणं होतं. खरं तर तिला तिथली ओसरी आणि शेजारणी सोडवत नव्हत्या. माणसाची वेळ फिरायची असली की शहाणं बोलणंही टोमण्यातच जमा होतं, आणि इथं तसंच झालं.

दीपमाला क्रांती चौकाच्या अलीकडं, एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवायची. शिकवण्यात तिचा हातखंडा होता, आणि तोही अक्षरशः हाताचा. ती बोलायची कमी. पोरीचं मनगट धरायची, तिच्या हातावर आपला हात ठेवायची आणि म्हणायची, "असं." सुई अशी. पट्टी अशी. सिलिंडरची चावी अशी. डावं-उजवं ती कधी म्हणायची नाही, कारण पेशंटचं डावं वेगळं, नर्सचं डावं वेगळं, आणि घाबरलेल्या पोरीला दोन्ही आठवत नाहीत. हाताला मात्र आठवतं. तिच्या हाताखालून गेलेली पोर आंधळ्यासारखी डोळे मिटूनही काम करते, असं जुनी डॉक्टर मंडळी म्हणायची.

मग कॉलेजात हायब्रिड आलं. आठवड्याचे तीन दिवस पोरींनी घरी बसून मोबाइलवर शिकायचं आणि दोन दिवस वर्गात यायचं. चतुराबाईनं हा शब्द ऐकला तेव्हा ती म्हणाली होती, "हायब्रिड ज्वारी आम्ही लई खाल्ली बाई. कणीस मोठं, पन भाकरीला चव नाय." दीपमालालाही ते उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच वाटत होतं. पण प्राचार्य सर्जेराव सरांपुढं कोण बोलणार? त्यांना तेवढ्याच खोल्यांत दुप्पट पोरी बसवायच्या होत्या.

"मॅडम, प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ करून टाका," सर म्हणाले. "एकदा केले की कायमची कटकट गेली."

तिनं ते एकटीनं केले. मोबाइल धरायला कुणी नव्हतं, म्हणून सलाइनच्या स्टँडला तो बांधला. चौकटीत डोकं तुटतंय की हात तुटतोय ते दिसावं म्हणून आपल्या बाजूचा, सेल्फीचा कॅमेरा लावला. लॅबमधला जुना ऑक्सिजनचा सिलिंडर पुढं ओढला. त्याच्यावरचा रंग आणि अक्षरं कधीच झिजून गेली होती. तिनं चावी लावली, कॅमेऱ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "घाबरायचं नाही. चावी अशी फिरवायची. असं." मनगट मात्र कुणाचंच धरलेलं नव्हतं, आणि ते तिला त्या वेळीही जरा चुकल्यासारखं वाटलं होतं.

पुढं वर्गातले दोन दिवसही राहिले नाहीत. कधी तपासणी, कधी कुणाचा सत्कार, कधी लॅबला कुलूप. सायलीची बॅच सिलिंडरला हात न लावताच पास झाली आणि मिळेल त्या दवाखान्यात कामाला लागली. सायली गुणाची पोर. ती बिडकीनच्या एका छोट्या दवाखान्यात लागली, तेव्हा चतुराबाईनंच कौतुकानं फोन केला होता, "तुझी पोरगी आलीय बरं का इथं. सुई टोचली तर कळलंसुदिक नाय." दीपमालाला दिवसभर बरं वाटलं होतं.

मे महिन्यात नव्या बॅचचा लॅबचा दिवस आला. ऊन असं की पंखा गरम हवाच फिरवत होता. दीपमालानं सिलिंडर पुढं घेतला आणि प्रेरणा नावाच्या पोरीला बोलावलं. प्रेरणानं चावी लावली आणि झपकन फिरवली.

"अगं, बंद काय करतेस? सुरू कर."

"सुरूच करतेय मॅडम. पण जाम आहे."

"जाम नाही, उलटी फिरवतेस तू. व्हिडिओ बघितला नाहीस ना?"

पोरगी खाली मान घालून बाजूला झाली. दीपमालानं कहकशाला बोलावलं. कहकशा वर्गात सगळ्यांत हुशार, तिचं कधी काही चुकायचं नाही. तिनं चावी लावली. नेमकी तशीच, त्याच बाजूला फिरवली.

दीपमालाला पहिल्यांदा रागच आला. "तुम्ही काय ठरवून आलात का गं?"

"नाही मॅडम," कहकशा गोंधळली. "कसम से, व्हिडिओत असंच आहे. मी तर हात पण तसाच धरलाय, तुमच्यासारखा." तिनं मोबाइल काढला आणि पुढं केला.

व्हिडिओत दीपमाला हसत होती. घाबरायचं नाही, म्हणत होती. तिचा हात चावी फिरवत होता आणि चावी बंद व्हायच्या बाजूला फिरत होती. हे कसं शक्य आहे ते तिला कळेना. आपण तर बरोबर फिरवली होती, हवा आली होती, फुस्स आवाजही व्हिडिओत येत होता. मग तिची नजर खांद्यावर गेली. पदर उजव्या खांद्यावर होता.

आरशात दिसतं तसं सगळं मोबाइलनं उलटं साठवलं होतं. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं, आणि चावीसुद्धा. सासूनं तोंडावर सांगितलं होतं आणि ती भाकरी थापत राहिली होती. समोरच्या या पोरी वाचल्या. यांचे हात अजून धरता येत होते. पण त्याआधीची अख्खी बॅच हाच व्हिडिओ पाठ करून दवाखान्यांत गेली होती.

ती जिना उतरून प्राचार्यांच्या खोलीत गेली. सरांनी ऐकून घेतलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला.

"व्हिडिओ लगेच काढता येणार नाही मॅडम. आपल्या इतर शाखांनाही तोच दिलाय. सोमवारी मीटिंगमध्ये बघू."

"सर, सोमवारपर्यंत कुणाचा तरी जीव जाईल."

"इतकं काय त्यात? चावी या बाजूनं नाही फिरली तर त्या बाजूनं फिरवून बघतील. मुली हुशार आहेत."

दीपमालाचं डोकं सणकलं. हुशार होत्या म्हणूनच तर भीती होती. ढ पोरगी दोन्हीकडं फिरवून बघेल. हुशार पोरगी मॅडमनं दाखवलं तसंच करेल, आणि नाही फिरली तर आणखी जोर लावेल. हे त्या खुर्चीला सांगून उपयोग नव्हता. ती बाहेर आली आणि जिन्यातच उभी राहून जुन्या पोरींना एकेक करून फोन लावायला लागली. दोघींनी उचलला, एकीचा नंबर बदलला होता. सायलीचा फोन वाजला, वाजला आणि बंद झाला.

ती पुन्हा लावणार तेवढ्यात सोमनाथचा फोन आला. सोमनाथ, तिचा नवरा, बिडकीनजवळच्याच कंपनीत होता. त्याचा आवाज चढलेला होता.

"घाबरू नको. आईला दम लागलाय, दवाखान्यात आणलंय. लाइट गेलीय, हवेचं मशिन बंद पडलंय, म्हणून सिलिंडर लावतायत. डॉक्टर रस्त्यात आहेत. पण तुझी सायली आहे इथं, काळजीचं कारण नाय."

"अहो, ऐका—"

"चावी जरा घट्ट आहे. रोज उघडणारे दवाखान्यातले मामा लग्नाला गेलेत. पोरीच्यानं फिरंना, मीच बघतो जोर लावून."

"फिरवू नका. थांबा, फिरवू नका," दीपमाला म्हणाली. पण त्यानं मोबाइल खिशात टाकला होता. तिला फक्त कापडाची घासाघीस, लोकांचा गलका आणि त्यातून सायलीचा स्वच्छ आवाज ऐकू येत होता. "भाऊ, याच बाजूनं. मॅडमनं असंच शिकवलंय. अजून जोर लावा."

मग त्या सगळ्याच्या मागं तिला सासूचा श्वास ऐकू आला. तो आवाज तिनं घरात कितीतरी वेळा ऐकला होता, पण असा नाही. ती जिन्यात उभी राहून नवऱ्याच्या नावानं ओरडत राहिली. लॅबमधल्या पोरी बाहेर येऊन तिच्याकडं बघायला लागल्या. शेवटी फोन कापून तिनं पुन्हा लावला, कापून पुन्हा लावला, आणि एकदाचा त्यानं उचलला.

"उलटी फिरवा. चावी उलटी फिरवा."

"उलटी म्हंजी कुठं? आत्ता फिरवली ती उलटी का सुलटी, मला काय कळतंय?"

दीपमालाचा उजवा हात हवेत फिरत होता. असं, असं. तो बघायला तिथं कुणी नव्हतं. आयुष्यभर जो शब्द तिला पुरला होता, तो आज कवडीच्या कामाचा नव्हता. तिनं डोळे मिटले आणि बिडकीनच्या अंगणातला हौद आठवला.

"आत्याबाई हौदाचा नळ सोडतात ना, तशी. नळ सोडतो तशी फिरवा."

"मॅडम," सायलीचा आवाज आला, "पण तुम्ही तर व्हिडिओत..."

"सायली, व्हिडिओ सोड. नळ सोडतो तशी. लवकर."

पण सोमनाथचा जोर बैलाचा. त्यानं ती आधीच इतकी आवळली होती की आता ती सुटेना. कुणीतरी पाना आणायला रस्त्यापलीकडच्या गॅरेजात धावलं. दीपमाला मोबाइल कानाला लावून पायरीवर बसली. कहकशा तिच्या शेजारी येऊन बसली आणि काही न विचारता तिनं तिचा हात धरला. बऱ्याच वेळानं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, आणि मग फुस्स करून हवा सुटली. तिकडं सगळे एकदम बोलायला लागले. सासूच्या श्वासाचा आवाज मात्र त्यात तिला सापडेना.

चतुराबाई वाचली. अँब्युलन्सनं तिला शहरात आणलं, मोठ्या दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. दीपमालाकडं बघितलं, सोमनाथकडं बघितलं. पण ओळख पटल्याचं काही दिसलं नाही, आणि तोंडातून शब्द फुटला नाही. मेंदूला हवा कमी पडली, डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल याचा भरवसा धरू नका. जिच्या तोंडाला घरात कधी विसावा नव्हता ती म्हातारी छताकडं बघत पडून राहिली. एक टोमणा ऐकायला मिळावा म्हणून दीपमालानं काय वाट्टेल ते दिलं असतं.

सोमनाथला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिलिंडर जुना होता, नशीब फुटकं होतं, असं येणारे-जाणारे म्हणत होते आणि तोही मान हलवत होता. आपले हात बघत तो बाकावर बसून होता. दीपमालाला तिकडं बघवत नव्हतं.

संध्याकाळी सायली भेटायला आली. डोळे रडून सुजलेले. ती दारातच थांबली.

"मॅडम, खरं सांगा. मी कुठं चुकले?"

"तू नाय चुकलीस," दीपमाला म्हणाली. "तू हुबेहूब माझ्यासारखं केलंस."

सायलीचा चेहरा निवळला. तिला ती शाबासकी वाटली. कुणीतरी छातीवरचा दगड उचलावा तसा तिनं श्वास सोडला, आणि तिथंच विषय संपवावा असा मोह दीपमालाला झाला. ही पोरगी सुखानं घरी जाईल. नवऱ्याला कधीच कळणार नाही. घरात हे सांगू शकणारी एकच होती, ती आता बोलत नव्हती.

पण बाकीच्या पोरींचे फोन अजून लागले नव्हते आणि व्हिडिओ अजून तिथंच होता. दीपमालानं मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि सोमनाथलाही जवळ बोलावलं.

"बघा," ती म्हणाली, "माझा पदर कुठल्या खांद्यावर आहे."

सायलीनं मोबाइलकडं बघितलं आणि मग मॅडमच्या खांद्याकडं बघितलं. सोमनाथ मात्र पडद्यावरच्या चावीकडंच बघत राहिला.