ठाण्याचे पाहुणे

"मी निराधार हाओ, हे तुमाले कोनं सांगतलं?" वच्छलाबाईने दारातच कमरेवर हात ठेवून विचारलं.

समोर रंगाच्या बादल्या घेतलेली नऊ मुलं उभी होती. त्यांच्याबरोबरच्या पेणकरबाई घाम पुसत म्हणाल्या, "ग्रामपंचायतीनं नाव दिलं, आजी. आम्ही ठाण्याचे. ज्यू, बेने इस्रायली. धर्म नुसता पुस्तकात राहू नये म्हणून दरवर्षी मुलांना घेऊन कुठेतरी सेवेला जातो. तुमची भिंत रंगवू का?"

बाभुळगावच्या वसतिगृहात वच्छलाबाईने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना रांधून वाढलं होतं. कोणी आपली सेवा करायला येईल, हे तिच्या डोक्यात शिरेना. पण इतक्या लांबून आलेल्या लेकरांना परत कसं धाडायचं? तिने भिंत दिली.

तासाभरात भिंतीपेक्षा मुलंच जास्त हिरवी झाली. तामार नावाच्या मुलीने तर खुराडं रंगवलं आणि त्याला टेकलेली कोंबडीही. वच्छलाबाई पदराआड हसली. मग तिने न रंगलेली एक कोंबडी निवडून धरली.

दुपारी रश्श्याचा वास गल्लीभर गेला. "पाह्यने जेवाले हायेत वाटते!" शेजारच्या जयाने कुंपणावरून हाक दिली. "मंग!" वच्छलाबाई तोऱ्यात म्हणाली.

ताटं मांडली. मुलं मात्र ताटाकडे न बघता आपल्या बाईंकडेच बघू लागली.

"आजी, राग मानू नका," पेणकरबाई अडखळल्या. "आम्हाला ही कोंबडी चालत नाही."

वच्छलाबाईच्या हातातला डाव तिथेच थांबला. तिच्या लहानपणी, घरच्यांनी बाबासाहेबांची वाट धरल्यावरसुद्धा, तिच्या आईच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नसे.

"माह्या घरची म्हून?" तिने हळूच विचारलं.

"छे छे! घराचा काही संबंध नाही," पेणकरबाई कानापर्यंत लाल झाल्या. "आमच्यात ठरलेल्या माणसानं, प्रार्थना म्हणत कापलेलीच लागते. माझ्या सासूबाईंनी कापली असती, तरी चालली नसती."

"सासूची बी नाई?"

"नाही."

वच्छलाबाईचा जीव भांड्यात पडला. "मंग सकाळीच काहून नाई बोलल्या, बाई? कोंबडी तरी वाचली असती!"

एका मुलाने हळूच पिशवीतून डबा काढला. "डबे आत ठेवा," पेणकरबाई म्हणाल्या. "आज आपण आजींच्या हातचं जेवायचं. आजी, भाकरी मिळेल?"

वच्छलाबाईने चूल पुन्हा पेटवली. ज्वारीच्या भाकरी थापल्या, पाट्यावर ठेचा वाटला. पहिल्याच घासाला अर्धी मुलं रांजणाकडे पळाली. तामारच्या नाका-डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तिने ताट पुढे केलं. "आजी, अजून."

"पाहा वं माय! रडूनबी राह्यली अन् मांगूनबी राह्यली!" वच्छलाबाईने तिला भाकरीचा पापुद्रा उचलून आत तेल घालून दिलं.

पाच वाजता गाडी निघाली. धूळ खाली बसल्यावर वच्छलाबाईने रश्श्याच्या वाट्या भरल्या आणि पहिली जयाकडे नेली.

"घे. पाह्यन्याइनं पोटभर खाल्लं. एवढं उरलं."

जयाने वाटी उजेडात धरली. "अन् दोन्ही टंगड्या कशा उरल्या, मावशी?"

"शहरातले पोट्टे हायेत," वच्छलाबाई म्हणाली. "त्याइले टंगडी खाता येत नाई."

आणि पदर खोचून ती दुसरी वाटी घेऊन पुढच्या दाराकडे वळली.