फुलांवर चालू नये, गवत तोडू नये

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, बागेतली. खारघरला नाल्याच्या कडेने सरकारी जमिनीची एक लांबट पट्टी आहे. तिच्या एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला बेलपाडा गावाची मागची घरं. पट्टीच्या तोंडाशी दोन लोखंडी पायांवर मी उभी. माझं शिक्षण म्हणाल तर दोन ओळी, आणि त्याही उलट्या. 'फुलांवर चालू नये. गवत तोडू नये.'

हसा. येणारा-जाणारा प्रत्येक जण मोठ्याने वाचतो आणि हसतो. मला सवय झाली आहे.

माझा जन्म पनवेलचा, नियाज पेंटरच्या दुकानातला. त्याआधी मी कुठल्याशा गोदामाच्या छपराचा पत्रा होते. बाग नवीन झाली होती, साल दोन हजार सहा. सरकारी बागांच्या कचेरीतल्या सुपरवायझरने फोनवरून मजकूर सांगितला. तोंडात घास होता, तसाच सांगितला. खरं म्हणजे चालायचं नव्हतं गवतावर आणि तोडायची नव्हती फुलं. घासाबरोबर शब्दांचीही खिचडी झाली.

नियाज शहाणा माणूस. त्याने विचारलं, "साहेब, उलटं तर नाय ना झालं? फुलांवर चालतो कोण?"

"लिही रे तू. वाचतंय कोण?"

मग त्याने लिहिलं, आणि काय सुरेख लिहिलं. वळणदार, निळ्या रंगात. वर स्वतःच्या हौसेने कोपऱ्यात एक पिवळं फूल काढलं. त्याचे पैसेही त्याला कोणी दिले नाहीत.

मला उभं केलं तेव्हा पट्टीत लॉन घातलं होतं. ट्रकमधून सतरंजीसारखं गुंडाळून आणलेलं. त्याला उन्हाळ्यात टँकरचं पाणी. शेजारी बेलपाड्यातल्या बायका नळापाशी हंडे घेऊन रांगेत, आणि इकडे गवत पोटभर पितंय. काशिराम नावाचा माणूस खांद्याला गवत कापायचं मशीन अडकवून यायचा आणि सगळं दोन बोटांवर आणून ठेवायचा. एखाद्या रोपट्याने मान वर काढली की गेलं ते. म्हणजे बघा, ज्यांच्यावर चालू नये ती फुलं औषधालाही नव्हती, आणि जे तोडू नये ते माझ्या नाकासमोर तोडलं जात होतं. असं खोटं पाडून घेत मी वर्षं काढली.

माणसं मात्र खूश. सकाळी रांगेत उभी राहून हात वर करून हसायची. घरात हसू येत नसेल, म्हणून बागेत येऊन सामुदायिक हसायचं. माझ्या पाठीमागे पुरुष काय करायचे ते सांगत नाही. माझी पाठ आधी गंजली, एवढ्यावरून समजून घ्या.

त्या काळातली एक गोष्ट मला अजून टोचते. एक मधमाशी आली. पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, तिला काही मिळालं नाही. शेवटी माझ्या कोपऱ्यातल्या रंगाच्या फुलावर बसली. त्याच्याभोवती चालली, तोंड घालून पाहिलं, आणि उडून गेली. दुसऱ्यांदा आली नाही. माझ्यावर कितीही माणसं हसली असतील, पण लाज मला त्या दिवशी वाटली.

आता रंभा. बेलपाड्याची. तिच्या सासऱ्याची शेती या टॉवरांखाली गेली. उरला तो घरामागे नाल्यालगतचा तुकडा, माझ्यापासून हाकेवर. त्यात मांडव घालून ती दुधी, शिराळी, काकडी लावायची आणि विकायची. त्यावर तिची चूल चालायची. वेल माजायचे, फुलंही यायची, पण फळ धरेना. बोटाएवढी दुधी पिवळी पडून गळायची.

रंभाने ठरवलं, नजर लागली. कोणाची? टॉवरमधल्या दमयंतीबाईंची. त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, सोसायटीच्या सेक्रेटरी. रोज बाल्कनीतून मांडवाकडे बघून "किती छान वेल" म्हणायच्या. झालं. रंभाने मांडवाला फाटकी चप्पल टांगली, बरोबर त्या बाल्कनीकडे तोंड करून. दमयंतीबाईंनाही ते कळलं. त्या भाजी दुसरीकडून घ्यायला लागल्या.

मग एका पावसाळ्यात बाग राखणाऱ्या ठेकेदाराचं आणि कचेरीचं फाटलं. मशीन आलंच नाही. आणि माझ्या पायाशी जे वर आलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुरडूचे गुलाबी तुरे, निळा केना, आणि आषाढ-श्रावण सरता सरता गुलाबी तेरडा, माझ्या कमरेपर्यंत. कोणी पेरलं नव्हतं, कोणी पाणी घातलं नव्हतं. सगळं गवताखाली दडून वाट बघत बसलेलं. मागोमाग फुलपाखरं आली, भुंगे आले, मधमाश्या आल्या. माझ्या रंगाच्या फुलाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मला बरं वाटलं.

त्या साली रंभाचा मांडव दुधींनी वाकला. ती चपलेला हात जोडून गेली.

आणि दमयंतीबाईंनी तक्रारींचा सपाटा लावला. जंगल माजलंय, साप निघेल, डास होतील, बाग आहे की रान. गौरीला पाहुणे यायचे, त्यांना खिडकीतून हे दिसणार. नवीन ठेकेदार नेमला गेला होता. गौरी यायच्या त्याच दिवशी सकाळी काशिराम मशीन घेऊन हजर.

गंमत ऐका. दमयंतीबाई मूळच्या अलिबागकडच्या, त्यांच्याकडे तेरड्याचीच गौर बसते. नवऱ्याला पहाटे पनवेलच्या बाजारात पिटाळलं होतं. त्याने आणलेली जुडी उघडली तर पाकळ्या पिशवीतच झडलेल्या. त्याच रागात त्या कापणी बघायला खाली उतरल्या.

मशीन सुरू व्हायच्या आधी रंभा धावत आली. तिलाही गौरीला तेरडाच लागतो. तिची सासू याच जागेतून आणायची, तेव्हा इथे बांध होता. ती काशिरामसमोर उभी राहिली.

"काशिराम, पाटी वाच."

"मावशी, ती चुकलेली हाय. सगल्या खारघरला ठाऊक हाय."

"कोनी लावली?"

"सरकारने."

"मंग सरकारने लिवलंय गवत तोडू नये. तू तोडतोस. उद्या कोनी फोटू काढून पेपरात दिला तं सरकार मानंल का, चूक आमची? तुझी रोजी जाईल."

काशिरामने मशीन खाली ठेवलं. माणूस घाबरट, पण त्या दिवशी घाबरट असणं कामी आलं.

दमयंतीबाई भडकल्या. म्हणाल्या, "तुला काय जातंय, रंभा? माश्यांनी जीव नकोसा केलाय. इथून उठतात, तुझ्या त्या वेलींवर बसतात, परत इथे. दिवसभर तेच. वरून दिसतं ना मला."

एरवी तोंडाळ रंभा हळूच म्हणाली, "माझ्या वेलीवर बसतात?"

"दुधीच्या संध्याकाळच्या फुलांवर भुंगे, पाखरं. काकडीवर सकाळपासून माश्या. आधी कधी..."

आधी कधी नव्हत्या, हे दमयंतीबाईंना बोलता बोलता कळलं. दोघींनी मांडवाकडे पाहिलं. मध्ये ती चप्पल लोंबत होती, दमयंतीबाईंकडे तोंड करून.

रंभा गेली, चप्पल सोडवली आणि नाल्यात फेकली. माफी मागितली नाही. तशी ती मागणारीच नाही. परत येऊन एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमची गौर कशाची?"

"तेरड्याची," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "पण बागेतली फुलं तोडायची नसतात."

आता सांगा, माझ्यावर असं कुठे लिहिलंय? चालू नये लिहिलंय. गवत तोडू नये लिहिलंय. फुलं तोडू नयेत, असं माझ्या अंगावर एक अक्षर नाही. काशिरामनेच बोट ठेवून वाचून दाखवलं. रंभा हसली, मग दमयंतीबाई हसल्या, रांगेत उभं न राहता. दोघी निऱ्या वर धरून, फुलांवर पाय न देता आत गेल्या आणि लागेल तेवढाच तेरडा मुळासकट घेऊन आल्या. माझ्या दोन्ही ओळी जन्मात पहिल्यांदा पाळल्या गेल्या.

असं समजू नका की सगळं गोड झालं. साप निघेल हे दमयंतीबाईंचं अजून चालूच असतं. वाटेच्या कडेचं तेवढं कापतात, आतलं पावसाळा सरेपर्यंत ठेवतात, एवढ्यावर तडजोड झाली. भाजीवरून भाव करताना दोघी अजून भांडतात.

पण सोसायटीतल्या एका गृहस्थांना अजून चैन नाही. मी चुकलेली आहे, मला दुरुस्त करा, असा त्यांनी कचेरीत अर्ज दिलाय. कचेरी म्हणते, पाटी बदलायला वरून मंजुरी लागते. चूक करायला एक फोन पुरला होता.

माझा पाय आता गंजून हलतो. नियाजचा निळा रंग उडत चाललाय, ते पिवळं फूल तर जवळजवळ गेलंच. जाऊ द्या, आता त्याची कोणाला गरज नाही. नियाजभाई, इकडे आलात तर फक्त अक्षरं गिरवून जा. होती तशीच गिरवा. आणि बाकीच्यांनो, हसायचं तेवढं हसा, पण मला सुधारू नका.

मंजुरी अजून आलेली नाही. तोवर मी खरी.