वाकड्या दाताचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात मोडणारा नव्हे, काटा-चमच्यातला. एका घरच्या यजमानांनी डब्याचं घट्ट झाकण उघडायला माझाच दात वापरला. तो वाकला आणि जेवणाच्या टेबलावरून माझी हकालपट्टी झाली. बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला आपल्या कामाच्या खोलीत नेलं. बाई मातीची शिल्पं करत आणि शाळेत मुलांनाही तेच शिकवत.

माझं काम ओरखडे काढायचं. मातीचे दोन तुकडे जोडायचे, तर जोडाच्या जागी दोघांनाही ओरखडायचं, पातळ माती लावायची आणि दाबायचं. बाई मला उंच धरून सांगत, "गुळगुळीत गुळगुळीताला धरत नाही. आणि दोन्ही सारखेच ओले हवेत. सुक्याला ओलं जोडलं तर फाटणारच." तीस वर्षं हाच पाठ. मुलं मला 'उपबाई' म्हणत आणि मी फुशारून जाई.

मग बाईंनी एकमेकांना टेकून बसलेल्या दोन माणसांचं शिल्प करायला घेतलं. पहिलं माणूस झालं. त्याच्याखालची फळी उचलू लागताना यजमानांचा अंगठा त्याच्या ओल्या खांद्यात रुतला. बाई रागावल्या, पण ठसा बुजवायचा राहून गेला. त्याच आठवड्यात यजमान वारले.

आठ महिने खोली बंद होती. माझ्या दातांत माती वाळून दगड झाली. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. बाई परत आल्या तेव्हा त्यांचंही तसंच असावं. त्यांनी माती मळली, दुसरं माणूस केलं आणि खडखडीत सुकलेल्या पहिल्याला जोडून टाकलं. शाळेतलं पोरही करणार नाही अशी चूक. चौथ्या दिवशी जोडावर बोटभर भेग पडली. बाई नुसत्या बघत राहिल्या.

बाईंची लेक म्हणाली, "आई, अजून भट्टीत गेलेलं नाही. भिजव सगळं, परत माती होईल."

"बाबांचा अंगठा आहे त्यावर."

लेकीने पाण्याची बादली भरून ठेवली आणि निघून गेली.

दोन दिवस बाईंनी बादलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांदा फोडून पाण्यात टाकला. बुडबुडे आले, ठसा विरला. बाई रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही माणसं नव्याने, सारख्याच ओल्या मातीची केली आणि बादलीतली पातळ माती मधे लावून जोडली. भट्टीतून शिल्प अखंड निघालं.

त्या दिवशी बाईंनी मला कोमट पाण्यात घातलं आणि एकेक दात घासला. लेक शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "ठसा गेला ना गं."

बाईंचा अंगठा माझ्या वाकड्या दातावर थांबला. "हा आहे की," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांना रडू फुटलं.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला धुऊन ठेवत जा. वाकडा दात मात्र कुणी सरळ करू नका.