त्रेचाळिसांतलं एक मत

आमच्या वस्तीत मतदार त्रेचाळीस. रेडिओवर निकाल वस्तीवार सांगतात, त्यामुळे इथे गुप्त मतदान म्हणजे निव्वळ गंमत. माझा धाकटा भाऊ सेव्हेरिन डेन्मार्कपासून 'स्वातंत्र्य आत्ताच' म्हणणाऱ्या पक्षाचा इथला म्होरक्या. त्याने पुढाऱ्यांना छातीठोकपणे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मतं कबूल केली होती. सगळे मत देऊन आले, एकही घरी राहिला नाही. पक्षाला पडली बेचाळीस. उरलेलं एक गेलं 'आधी दवाखाना आणि वीज, मग स्वातंत्र्य' म्हणणाऱ्यांना. आणि अख्ख्या ग्रीनलंडमध्ये जिंकले नेमके तेच.

हरल्याचं दुःख सेव्हेरिनने एक वेळ पचवलं असतं, पण ते एक मत त्याला पचेना. मग काय, सगळ्यांनी बिर्गिटकडे बोट दाखवलं. बिर्गिट आमच्या शाळेतली बाई. मूळची डेन्मार्कची, पण एकोणीस वर्षं इथेच. "रक्त शेवटी डॅनिशच," असं लोक दुकानात तिच्यादेखत बोलले. दोन घरांनी पोरांना शाळेत पाठवणं बंद केलं. ती परत जायच्या बोटीची चौकशी करतेय असं कानावर आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

शनिवारी सेव्हेरिनचा साठावा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवसाला दार उघडं असतं. कुणीही यावं, जोडे काढावेत, कॉफी प्यावी, केक खावा आणि पुढच्याला जागा करून द्यावी. बिर्गिटही आली. कॉफीची किटली सगळ्यांपुढे फिरली, तिच्यापुढे नाही. ती रिकामा कप धरून बसून राहिली.

मी उठले, किटली घेतली आणि तिचा कप काठोकाठ भरला.

"ताई, राहू दे," सेव्हेरिन म्हणाला. "गद्दारांचे लाड माझ्या घरात नकोत."

"मग मलाही हाकल. ते मत माझं आहे."

कुणीतरी हसलं. सेव्हेरिन हसला नाही. "हिला वाचवायला खोटं बोलू नकोस."

"खोटं? वीज गेलेली असताना आईला अंधारात धाप लागली. डॉक्टरची बोट तिसऱ्या दिवशी आली. तिची शवपेटी तूच उचललीस ना? स्वातंत्र्य मलाही हवंय, तुझ्याइतकंच. पण आधी दवाखाना. पुढच्या वेळीही मी हेच करणार, काय करायचं ते कर!"

"आपल्याच माणसांच्या विरोधात गेलीस. लाज नाही वाटली?"

"अजिबात नाही. आणि जरा डोकं चालव. फुटलेलं मत एकच, ते माझं. मग हिचं मत तुझ्या बेचाळिसांत नाही तर कुठे आहे?"

सगळ्यांच्या माना बिर्गिटकडे वळल्या. ती लालबुंद झाली.

"पोरांना एकोणीस वर्षं तुमचा झेंडा काढायला शिकवतेय मी," ती म्हणाली. "मत दुसऱ्या कुणाला देणार होते?"

सेव्हेरिन उठला, तिचा निवलेला कप ओतून आला आणि स्वतःच्या हाताने गरम कॉफीने भरला. "सोमवारी पोरं येतील शाळेत," तो पुटपुटला. "मी बघतो."

माझ्या कपात मात्र त्याने थेंबभरही ओतली नाही. मी माझी ओतून घेतली, केकचा सगळ्यांत मोठा तुकडा उचलला आणि त्याच्यासमोरच बसून खाल्ला.