भोंग्यावरून गुप्त सल्ला

“गुप्त सल्ला! किशोरवयीन मुलींसाठी पूर्णपणे गुप्त सल्ला! कोवळ्या वयात बाळंतपण नको! लाजू नका, पुढे या!” गाडीच्या टपावरचा भोंगा बाजारभर ओरडत होता.

मी ड्रायव्हरच्या खिडकीवर थाप मारली. “अहो, गुप्त गोष्ट अशी ओरडून सांगतात का?”

“सिस्टर, साहेबांनी रेकॉर्ड करून दिलंय. मी फक्त बटण दाबतो,” असं म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला.

मुलींची कोवळ्या वयातली बाळंतपणं कमी व्हावीत म्हणून आमच्या आरोग्य खात्याने ही गाडी काढली. शाळेमागच्या गल्लीत उभी करा, असं मी सांगून सांगून थकले. साहेबांना ती लोकांना दिसायला हवी होती, म्हणून भर चौकात. सकाळपासून ब्लडप्रेशर मोजायला बायका आल्या, एक आजोबा तळपायाचं कुरूप दाखवून गेले. मुलगी एकही नाही. येणार कशी? रांगेत कुणाची आत्या, कुणाची शेजारीण.

एकीची मात्र मी वाट बघत होते. समोरच्या शिलाईच्या दुकानात काम करणारी, सतरा वर्षांची, नुकतं लग्न झालेली. शाळेची शेवटची परीक्षा होईपर्यंत तिला मूल नको होतं. नवऱ्याची हरकत नव्हती, सासूला पत्ता नव्हता. मी दिलेल्या इंजेक्शनची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती.

ती आली तेव्हा नेमकी तिची सासू बाही वर करून रांगेत बसलेली, आणि नेमके साहेब फोटोग्राफरला घेऊन हजर.

“अरे वा, आली की पहिली लाभार्थी! ये बेटा, इकडे बघ.”

सासूने मान वळवली. “तू गं इथे कशाला?”

मुलीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने गळ्यातली टेप ओढून काढली. “सिस्टरच्या एप्रनचं माप घ्यायला.”

“मग घे की. उभी काय राहिलीस?”

तिने भर चौकात माझं माप घेतलं. फोटोग्राफरने त्याचेही फोटो काढले. खांदा मोजताना ती पुटपुटली, “उद्या गावी नेताहेत मला. परत कधी येईन माहीत नाही.”

“असं नीट कळणार नाही,” मी मोठ्याने म्हटलं. “मीच येते दुकानात.”

“सिस्टर, आता माझं भाषण आहे,” साहेब म्हणाले. “कपडे महत्त्वाचे की काम?”

ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं आणि औषधांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला.

दुकानात कपडे घालून बघायला एक कोपरा होता, पडदा लावलेला. आत आम्ही दोघी जेमतेम मावलो. मी औषधाची बाटली हलवत होते, तोच बाहेर सासूचा आवाज आला. “आटोपलं का हिचं? घरी बांधाबांध पडलीय.”

“बसा हो, माप चाललंय,” दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या.

“दंड!” मुलगी मोठ्याने म्हणाली आणि तिने स्वतःचीच बाही वर केली. मी सुई टोचली. “बारा,” ती दात आवळून म्हणाली.

“एवढा वेळ काय मोजतेय ही?”

“अहो, सिस्टर म्हणजे काय काडी आहेत?”

दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं.

आम्ही बाहेर आलो तर सासूने मलाच धरलं. “सिस्टर, हिला पाळणा हलण्यासाठी काहीतरी औषध द्या ना. लोक विचारायला लागलेत.”

“ती सतरा वर्षांची आहे! सकाळपासून तो भोंगा काय सांगतोय, ऐकलं नाहीत?”

“ऐकलं की. पण ते लग्न न झालेल्या पोरींसाठी ना?”

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “तुमचं पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी झालं?”

“सोळाव्या.”

“म्हणजे तुमचा हा मुलगा?”

“नाही. हा दुसरा.”

“आणि पहिलं?”

ती उठली आणि चपला शोधू लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

“औषध राहू द्या,” ती दाराकडे बघत म्हणाली. “सध्या राहू द्या.”