कबरीच्या घशात काही नव्हतं

जनावराच्या घशात काही अडकलं की गाव दूधवालीच्या नवऱ्याला हाक मारायचं. कोपरापर्यंत हात घालून त्याने कणसं काढली, दोरखंडाचे तुकडे काढले, एकदा तर पाहुण्याची चप्पल काढली. मग घरचीच कबरी गाय लाळ गाळू लागली, घोगरं हंबरू लागली, तेव्हा विचारायचं कुणाला? दिराने जबडा ताणून धरला, नवऱ्याने खरचटलेला हात आत घातला. सापडलं काहीच नाही. कबरी मेली. तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. महिन्याभराने नवऱ्याला पाणी बघवेना. मग तोही गेला.

दूधवाली अजून वेळेवर म्हशीच्या धारा काढते, किटल्या घासते. रडू येत नाही. बायका म्हणतात, दगड झाली. दगड निदान उन्हाने तापतो, असं तिच्या मनात येतं. तेवढंच.

नर्सबाई सकाळीच स्कूटरवरून आल्या. दीर गवत कापत होता.

"चल रे बाबा, इंजेक्शन घ्यायला. जनावराच्या लाळेतूनही होतो हा रोग."

"मला कुठे कुत्रं चावलंय?"

"तुझ्या दादाला तरी कुठे चावलं होतं?"

"मला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे मी."

दूधवालीने तांब्या आणून पुढे धरला. "भावजी, पाणी प्या."

दिराने डोळे वटारले आणि तांब्या रिकामा केला. "बघा, घटाघटा उतरलं. झालं समाधान?"

"हेही असेच प्यायचे. अगदी आजारी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत." दुधाचा भाव सांगावा तसा तिचा आवाज. "पाणी अडकायला लागल्यावर नर्सबाई विमानाने आल्या तरी उपयोग नसतो."

दीर बराच वेळ ओठ पुसत राहिला. मग त्याने विळा खुंटीला अडकवला. दूधवालीही सोबत निघाली.

दवाखान्यात दिराला सुई टोचतानाही नर्सबाईंची टकळी सुरूच होती. चावलं, ओरखडलं, जखमेला लाळ लागली, की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवायचं आणि तडक इकडे यायचं. झाडपाल्याच्या नादी लागायचं नाही. बोलता बोलता त्या थांबल्या. "गाईचं तोंड कोण पुसत होतं?"

दूधवालीने आपले हात पाहिले. किटल्या घासून बोटांना भेगा पडलेल्या. "मीच."

"वहिनी! आणि मला शहाणपण शिकवत होता?"

"माझं काय आता."

"तुमचं काय म्हणजे? धारा मी काढू? म्हैस मला उभं तरी करते का?" दिराने स्टूल पुढे सरकवलं. "बसा मुकाट्याने."

ती बसली. सुई आत गेली, बाहेर आली.

"दुखलं का हो?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही." खरंच दुखलं नव्हतं. तिने बाही खाली केली. "पुढचं कधी? धारेच्या वेळेला नको."