उजवा डोळा उशिरा मिटतो

टीव्ही दुरुस्त करण्यात मेकॅनिकची चाळीस वर्षं गेली होती, पण बायकोचं कुठे बिनसलंय ते काही त्याला सापडेना. तीन-चार महिने झाले, ती त्याच्याकडे तोंड करून बोलत नव्हती. जेवताना त्याने काही विचारलं, की उत्तर खिडकीला मिळायचं. भांडण नाही, रुसवा नाही. बाईसाहेबांना आपला कंटाळा आलाय, असं त्याने ठरवून टाकलं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. तरी आपण दिवसभर दुकानात, ही घरात एकटी. निदान हिच्याशी दोन शब्द बोलणारं कुणीतरी असावं, म्हणून त्याने जुन्या रेडिओच्या खोक्यात एक यंत्रमानव जुळवायला घेतला. बायकोने त्याचं नाव ठेवलं ठोंब्या.

आवाज, माइक, बॅटरी सगळं मार्गी लागलं. गाडी अडली ती डोळ्यांपाशी. एकच रुंद पडदा लावून पाहिला, तर ठोंब्या तिकीटखिडकीसारखा दिसायला लागला. मग त्याने दोन छोटे गोल पडदे आणले आणि दोन्ही एकाच बोर्डाला जोडले. सुट्टीच्या दुपारी त्याने ठोंब्याला टेबलावर बसवून बटण दाबलं. तपकिरी बुबुळं इकडेतिकडे फिरली, पापण्या मिटल्या, उघडल्या. मेकॅनिक लहान पोरासारखा हरखला.

“अगं, बघ तरी!”

तिने कपाटाकडे तोंड फिरवलं.

मग मात्र त्याचा तोल गेला. “नको असेल तर सरळ नको म्हण! माझं तोंड बघवत नाही ते नाहीच, आता या बिचाऱ्याचंही बघवत नाही?”

“अहो, बघतेय की,” ती कपाटाकडेच तोंड ठेवून म्हणाली. “उजवा डोळा उशिरा मिटतो त्याचा.”

त्याने वाकून निरखून पाहिलं. खरंच की! बोर्ड एकच, त्यामुळे चित्र आधी डाव्या पडद्यावर जात होतं, मग उजव्यावर. फरक अगदी नखाएवढा. त्याच्या मुरलेल्या नजरेतून तो सुटला होता.

“तुला कसं कळलं?”

तिने टेबलावरची वायर उगाच बोटाला गुंडाळली. “समोर बघितलं की मधोमध काळा डाग येतो. तोंड बाजूला केलं, की कडेने दिसतं. हललेलं तर चटकन कळतं.”

“कधीपासून?”

“तीन-चार महिने. सांगितलं असतं, तर दुकानाला कुलूप लावून माझ्याजवळ बसला असतात.”

मेकॅनिकने ठोंब्याचं बटण बंद केलं. “उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. एक शब्द ऐकणार नाही,” असं त्याने दरडावलं. मग हळूच विचारलं, “म्हणजे जेवताना तू...”

“तुमच्याकडेच बघत होते. दुसरं कुणाकडे बघणार?”

तिने पुन्हा कपाटाकडे तोंड वळवलं आणि त्याला मनसोक्त पाहून घेतलं.

“डाव्या कानाखालची दाढी राहते तुमची रोज,” ती म्हणाली. “कितीदा ओठांवर आलं होतं. पण तुम्ही विचारलं असतं, न बघता कळलं कसं.”